कोंडवाड्याला मालक हवा

मोकाट सुटलेले जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरले, की त्याची रवानगी कोंडवाड्यात होते. मालक शोधत येतो, दंड भरतो आणि जनावर सोडवून नेतो. ही रीत मराठवाड्यातील कोणत्याही गावकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु ही सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे. ते म्हणजे, जनावराला मालक असतो आणि तो आज ना उद्या येतो. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाबतीत नेमके हेच गृहीत ढासळते. त्याला उचलून नेता येते, कोंडता येते. सोडवायला मात्र कोणी येत नाही. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न न्यायालयांत, महापालिकांत आणि चौकाचौकांत आज ज्या ठिकाणी येऊन अडला आहे, ते ठिकाण हेच होय.

गेल्या काही काळातील घटनाक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. त्यावर देशभर वादळ उठले. २२ ऑगस्ट रोजी त्रिसदस्य पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत. पिसाळलेली, तसा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, असे ठरले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथून हटविलेली कुत्री तेथे परत सोडण्यास मनाई केली. या गदारोळात ऑगस्टच्या आदेशातील एक तरतूद बहुतेकांच्या नजरेतून निसटली. कोणाही प्राणिप्रेमीला स्थानिक संस्थेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येईल. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारी त्याची राहील, असे न्यायालयाने म्हटले होते. कोंडवाड्याला मालक मिळवून देणारी तरतूद हीच.

जालन्यासारख्या शहराला हा प्रश्न दूरचा नाही. जुलै २०२५ मध्ये या शहरात भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात एका लहान मुलीचा जीव गेला. ज्या घरातील मूल गेले, त्या घरापुढे भूतदयेचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९८१ साली जिल्ह्याचे ठिकाण झालेले, पोलाद आणि बियाणे या दोन उद्योगांनी वाढविलेले हे शहर २०२३ मध्ये महानगरपालिकेच्या पंक्तीत जाऊन बसले. वस्ती वाढते तसे उकिरडे वाढतात, आणि उकिरड्यांबरोबर कुत्री. बसस्थानक, रेल्वेस्थानक, जिल्हा रुग्णालय आणि शाळांची आवारे मोकळी करावयाची, तर तेथील कुत्र्यांना ठेवणार कोठे, या प्रश्नातून नव्या महापालिकेची सुटका नाही.

मारून टाका, हा उपाय जुना आहे. मुंबईत कंपनी सरकारने तो अवलंबिला, तेव्हा १८३२ साली पारशी समाज रस्त्यावर आला व दंगल उसळली. त्यानंतरही दीर्घकाळ कुत्री मारली गेली. कुत्री संपली नाहीत. खाद्य जागेवर असेल, तर रिकामी झालेली जागा शेजारच्या गल्लीतील कुत्री भरून काढतात. केंद्र सरकारच्या २००१ च्या नियमांनी निर्बीजीकरणाचा मार्ग घालून दिला आणि २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. मादीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा आणि वर्षातून दोनदा विण्याची तिची क्षमता. हा हिशेब मांडला, की निर्बीजीकरणाची गती जननाच्या गतीहून अधिक हवी, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

मग दत्तकाचे प्रयोजन काय? कोट्यवधी कुत्री घराघरांत सामावतील, असे कोणी म्हणणार नाही. दत्तक हा निर्बीजीकरणाला पर्याय नव्हे. निवारा केंद्राला मात्र त्याच्यावाचून गती नाही. लंडनमध्ये १८६० साली हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी जो आसरा निघाला, त्याच्या नावातच 'तात्पुरता' हा शब्द होता. आसरा हा मुक्काम नसून वाटेवरचा थांबा आहे, ही जाण त्यात होती. तुर्कस्तानने २०२४ मध्ये रस्त्यावरची कुत्री उचलून, घर मिळेपर्यंत निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा केला. तेव्हा तेथेही पहिला सवाल उठला तो इतकी घरे आणणार कोठून, हाच. येणारा ओघ चालू आणि जाणारी वाट बंद, अशा निवाऱ्यात गर्दी होते, गर्दीत रोग पसरतो आणि दयेच्या नावाने सुरू झालेली संस्था यातनागृह बनते.

आपल्याकडे दयेची उणीव नाही. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा याच मराठवाड्याच्या मातीतली. खंडोबाच्या आणि दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्र्याला स्थान आहे. पण उंबऱ्यावरून तुकडा फेकणे निराळे आणि उंबऱ्याच्या आत जबाबदारी घेणे निराळे. तुकडा टाकणाऱ्याला पुण्य मिळते. कुत्रे चावले तर मात्र ते कोणाचेच नसते. दुसरीकडे, ज्यांना कुत्रे पाळण्याची हौस आहे, ते हजारो रुपये मोजून थंड प्रदेशातील केसाळ जात आणतात आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिला धापा टाकायला लावतात. या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले गावठी कुत्रे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नाही.

दुष्काळाने गांजलेल्या जिल्ह्यात हे चोचले कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. परंतु मोसंबीच्या बागेत, शेतवस्तीवर, गोठ्याच्या दाराशी राखणीचे कुत्रे येथे पूर्वीपासून आहेच. ते निर्बीजीकरण व लस झालेले असावे, एवढाच प्रश्न आहे. शेतवस्तीवरच्या कुत्रीची नकोशी पिल्ले गावाबाहेर नेऊन सोडली जातात आणि उद्याची भटकी टोळी त्यांतूनच उभी राहते. पाळलेले जनावर सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरविला. पहिल्या गुन्ह्यास त्याने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा! इतक्या स्वस्त दंडाने जबाबदारी शिकविता येत नाही. शिवाय रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की मृत्यू जवळजवळ अटळ. माणसाला होणारा हा रोग बहुतांशी कुत्र्याच्याच चाव्यातून येतो. तेव्हा लस टोचलेले प्रत्येक कुत्रे ही शेजाऱ्याच्या मुलाचीही सुरक्षितता आहे.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. दत्तक देण्यापूर्वीच निर्बीजीकरण व लसीकरण व्हावे. कुत्र्याच्या स्वभावाची पारख करून चावरे कुत्रे कोणाच्याही घरी धाडू नये. नोंद ठेवावी, दरवर्षी लसीचा दाखला पाहावा, आणि ज्याला सांभाळणे अशक्य झाले त्याला कुत्रे रस्त्यावर न सोडता परत आणून देण्याची मुभा असावी. अर्ज साधा असावा, पण घेणाऱ्याची सही ही शोभेची नसावी. महापालिकेने कचरा उचलावा, शस्त्रक्रिया कराव्यात. हे तिचे काम कोणाही प्राणिप्रेमीच्या माथी मारता येणार नाही. पण तिने कितीही मोठा निवारा बांधला, तरी त्याच्या दाराशी मालक म्हणून उभे राहण्याचे काम तिला करता येत नाही. ते नागरिकांचे आहे. कुत्र्यांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांतील किती जण एका कुत्र्यापुरते 'हे माझे' असे लिहून द्यायला तयार होतात, यावरच निवाऱ्याचा कोंडवाडा होणार की नाही, हे ठरेल.