जुने यंत्र आणि नवा भार



गेल्या दिवाळीच्या सुटीत माझी नात नाशिकहून घरी आली. ती अंतर्गत सजावटीचा अभ्यासक्रम शिकते. तिसरे वर्ष चालू आहे. पिंपळनेरच्या बाजारपेठेतील आमच्या कापड दुकानात २०१५ साली घेतलेला एक संगणक आहे. त्यावर टॅलीचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे आणि उधारीची यादी चालते. वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, ‘‘दादाजी, दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स कार्ड टाकलं तर मला घरी असताना काम करता येईल.’’ चिरंजीवांनी लगेच मोबाइल काढला. काही हजारांचा प्रश्न होता आणि लेकीची मागणी होती. ते कार्ड मागविण्याच्या बेतात होते. मी म्हणालो, ‘‘दोन दिवस थांबा. आधी तपासणी करू.’’

चिरंजीवांना हा माझा बँकेतला जुना स्वभाव वाटला. त्यांचे चुकले नाही. परंतु त्या स्वभावामागे एक प्रसंग आहे, तो आज प्रथमच लिहितो.

१९९४ साली मी एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. एका तेलघाणीवाल्याने नव्या यंत्रासाठी मुदत कर्ज मागितले. ताळेबंद स्वच्छ, तारण पुरेसे, माणूस प्रामाणिक. मी शिफारस केली आणि कर्ज मंजूर झाले. यंत्र आले, बसले आणि तसेच उभे राहिले. कारण घाणीचा मंजूर वीजभार २० अश्वशक्तीचा होता, जुन्या मोटारीच त्यातील १८ घेत होत्या आणि नव्या यंत्राची मोटर होती १५ अश्वशक्तीची. वाढीव भाराचा अर्ज यंत्राच्या आधी करावयास हवा होता. हंगाम गेला, व्याज मात्र चालूच राहिले. त्या गृहस्थांनी अखेर राहत्या घरालगतची जागा विकून खाते चुकते केले. मला कोणी जाब विचारला नाही. यंत्र उत्तम होते. अपुरी होती ती माझी पाहणी. यंत्राची किंमत मी पैशापर्यंत तपासली होती, पण ते ज्या ठिकाणी बसणार त्या ठिकाणाची ताकद तपासली नव्हती.

जुन्या संगणकात नवे कार्ड घालणे हे नेमके याच जातीचे काम आहे. म्हणून मी नातीला एक कोरा कागद दिला आणि म्हणालो, ‘‘तपासणी अधिकारी तू. मी फक्त प्रश्न विचारीन.’’ कॅबिनेट उघडण्यापूर्वी टॅलीची माहिती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, वीजजोड काढला, आणि मग एकेक बाब लिहीत गेलो.

पहिली बाब, आत आहे काय? विंडोजच्या शोधचौकटीत ‘एमएसइन्फो३२’ असे इंग्रजीत टाइप केले की प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांची जंत्री मिळते. आमच्याकडे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ ४५९० प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम निघाली.

दुसरी बाब, जागा. मदरबोर्डवर लांब, सोळा पट्ट्यांचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट रिकामा असला पाहिजे. स्लॉट जुन्या आवृत्तीचा आणि कार्ड नव्या आवृत्तीचे असले तरी ते बहुधा चालते, वेग थोडा कमी मिळतो. मात्र काही स्वस्त कार्डे सोळापैकी चारच पट्ट्या वापरतात. जुन्या स्लॉटवर त्यांचा वेग अधिक घटतो. त्यापेक्षा मोठी अडचण कॅबिनेटची. आमचा कॅबिनेट आडवा आणि अरुंद आहे. पूर्ण उंचीच्या कार्डाची मागची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर असते; अशा कॅबिनेटमध्ये सुमारे ८ सेंटिमीटरची ‘लो प्रोफाइल’ कार्डेच बसतात. नातीने पट्टीने लांबीही मोजली. मोबाइलवर निवडलेले कार्ड येथेच बाद झाले.

तिसरी बाब, वीज. माझ्या दृष्टीने हीच मुख्य. संगणकाला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसच्या बाजूला एक चिठ्ठी असते. तिच्यावर एकूण वॅट आणि १२ व्होल्टच्या वाहिनीचे अँपिअर लिहिलेले असतात. त्या अँपिअरांना १२ ने गुणले की कामाचे वॅट कळतात, कारण कार्डाची बहुतेक वीज त्याच वाहिनीतून येते. स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते. सहा पिनांची तार आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५० वॅट. आमच्या एसएमपीएसवर २५५ वॅट लिहिलेले होते आणि अशी वेगळी तार एकही नव्हती. प्रोसेसरचे ८४ वॅट, डिस्क, पंखा इत्यादींचे पन्नासेक, कार्डाचे ७५. बेरीज २१० च्या आसपास. म्हणजे ७५ वॅटच्या आतले कार्ड चालले असते; परंतु फार शिल्लक उरत नव्हती. अशा वेळी बाजारात दुसऱ्याच पिनांना जोडून आठ पिनांची तार करून देणारे जोड मिळतात. तारेचा आकार बदलल्याने एसएमपीएसची ताकद वाढत नाही. तार तापते, संगणक मध्येच बंद पडतो. लहान कंपनी-कॅबिनेटांत एसएमपीएस वेगळ्याच मापाचा असल्याने बाजारातला मोठा घालता येईलच असेही नाही.

आपल्याकडे वीज जाते-येते, म्हणून यूपीएसही पाहावा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच्या जवळ असते आणि मॉनिटरही त्यावरच असतो.

चौथी बाब, पडदा. आमचा मॉनिटर जुन्या व्हीजीए तारेचा. आजच्या कार्डांवर ते भोकच नसते. संकेत बदलणारे उपकरण निराळे घ्यावे लागते. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर तर बायोस जुने असल्याने नवे कार्ड बसते, पण पडद्यावर काहीच उमटत नाही.

पाचवी बाब आपल्या व्यापारी कुटुंबांना विशेष पटेल, ती मालाची ओळख. एकाच नावाचे दोन माल या बाजारातही आहेत. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड दोन प्रकारच्या स्मृतीसह विकले गेले. जीडीडीआर५ आणि डीडीआर४. नाव तेच, पण दुसऱ्याच्या स्मृतीचा वेग पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. दोन्हींत व्हिडिओ सांकेतिक रूपात बसविणारा वेगळा भाग नाही, म्हणून व्हिडिओ संपादनासाठी ते घेणाऱ्याची निराशाच होते. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकलेला मालही फिरतो. ‘जीपीयू-झेड’ हा मोफत प्रोग्रॅम अशी अनेक बनावट कार्डे ओळखून तसे दाखवितो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर त्याचे उत्खनन थांबले. रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डे तेव्हा जुन्या बाजारात आली. जुने कार्ड स्वतःसमोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटची बाब, यंत्राचे उरलेले आयुष्य. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हा नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकाला ती आणखी एक वर्ष मिळत होती. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आमचा चौथ्या पिढीचा.

रात्री जेवणानंतर नातीने कागद वडिलांपुढे ठेवला. खाली तिनेच निष्कर्ष लिहिला होता : ‘लहान कार्ड बसेल. चालेल. पण माझे काम त्यावर होणार नाही. रॅम दुप्पट लागेल, प्रोसेसर अडखळेल, आणि वर्षभराने यंत्रच बदलावे लागेल.’

चिरंजीव बराच वेळ कागद वाचत राहिले. मग म्हणाले, ‘‘एवढं मोठं काम आहे तर दोन वर्षं तू ते केलंस कशावर?’’

ती खाली पाहून म्हणाली, ‘‘मैत्रिणीच्या लॅपटॉपवर. ती झोपली की.’’

सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. लेकीने नवा संगणक का मागितला नाही, हे कोणी विचारले नाही. गेल्या वर्षी दुकानाच्या उधारीची रड आम्ही सर्वांनी जेवणाच्या ताटावरच केली होती. ती तिच्या कानांवर पडतच होती.

कार्ड घेतले नाही. तिच्यासाठी तिच्या कामाचा संगणक घेतला. एसएमपीएस मुद्दाम गरजेपेक्षा मोठा, म्हणजे पुढे खरोखरच कार्ड बदलता येईल. दुकानाच्या यंत्रात एसएसडी बसविला, सुरक्षेची वर्षभराची नोंदणी केली आणि पुढच्या दिवाळीपूर्वी ते बदलण्याची तरतूद वहीत मांडली. उधारीची यादी आणि मुलीचा अभ्यास एकाच पेटीत नकोत, हे मी सुचविले. एका तारणावर दोन कर्जे देताना बँकही दहादा विचार करते.

नातीचा तो कागद मी ठेवून घेतला आहे. जागा, वीज, पडदा, माल, आयुष्य. आणि सर्वांत आधी, काम कोणते आहे हा प्रश्न. तो प्रश्न मी यादीत लिहिला नव्हता. तिने सर्वांत वर, स्वतःच्या हाताने लिहिला आहे.