दगडी तट आणि लाकडी कुंपण

कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील कार्ताहेना हे शहर पर्यटकाला एका दिवसात दाखवले जाते. सकाळी सान फेलिपेचा किल्ला, दुपारी तटबंदीच्या आतले जुने शहर, संध्याकाळी तटावरून सूर्यास्त. या क्रमाविषयी माझी तक्रार नाही. कोठे किती वेळ थांबायचे, याविषयी आहे. अशा सहलीत इतिहासाचे महत्त्व शब्दांपेक्षा मिनिटांतून ठरत असते.

किल्ल्यावर आमच्या गाइडने सव्वा तास घेतला, आणि तो रंगलाही. १७४१ साली इंग्रज ॲडमिरल व्हर्नन प्रचंड आरमार घेऊन चालून आला. एक डोळा व एक पाय गमावलेल्या, एक हात निकामी झालेल्या ब्लास दे लेसोने शहर राखले. इंग्लंडात मात्र लेसो गुडघे टेकून शरण येत असल्याची पदके पाडली गेली! गोष्ट सांगण्याजोगीच आहे. फक्त, ही तटबंदी गुलामांच्या श्रमांवर उभी राहिली, हे त्या सव्वा तासात आले नाही.

घड्याळाच्या मनोऱ्याखालून आत शिरले की प्लासा दे लोस कोचेस हा चौक लागतो. येथे दहा मिनिटे, तीही मिठाईसाठी. कमानींखाली खोबऱ्याच्या वड्या आणि चिंचेचे गोळे मिळतात, मीही घेतले. याच चौकात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा बाजार भरत असे. पुतळा आहे तो १५३३ साली शहर वसवणाऱ्या पेद्रो दे एरेदियाचा. गुलामांचा विषय निघाला तो थेट पेद्रो क्लाव्हेरच्या चर्चमध्ये. या जेझुइट पाद्र्याने आयुष्य त्यांच्या सेवेत घालवले, १८८८ साली त्याला संतपद मिळाले. त्याच्या थोरवीविषयी वाद नाही. पण ज्यांची सेवा झाली ती माणसे एका संताच्या चरित्रातली पात्रे म्हणूनच भेटावीत, हे खटकते.

कारण त्यांचे स्वतःचे चरित्र होते. पळून गेलेल्या गुलामांनी रानात लाकडी कुंपणाच्या वस्त्या वसवल्या. त्यांना पालेंके म्हणत. त्यांचा पुढारी बेंकोस बिओहो याला १६२१ मध्ये याच शहरात फाशी दिले गेले. त्या परंपरेतले सान बासिलिओ दे पालेंके हे गाव आजही नांदते आहे. त्याची स्पॅनिश आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली स्वतंत्र बोली आहे आणि २००५ साली युनेस्कोने त्याच्या संस्कृतीची दखल घेतली. डोक्यावर फळांचे घमेले घेतलेल्या, रंगीत झग्यांतल्या ज्या स्त्रियांसोबत आम्ही पैसे देऊन छायाचित्रे काढली, त्यांना पालेंकेरा म्हणतात ते याच गावावरून. गाइडने छायाचित्राचा दर तेवढा आधी सांगून ठेवला होता.

तटावर आम्ही सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीच पोचलो. तेथे वाट पाहण्यापलीकडे काही काम नव्हते.