यहूदाचे दोन मृत्यू

यहूदा इस्कर्योत मेला कसा? मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे त्याने विश्वासघाताचे तीस रुपये मंदिरात फेकून दिले आणि गळफास घेतला. त्या पैशांतून कुंभाराचे शेत विकत घेतले ते याजकांनी. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मात्र शेत यहूदा स्वतः घेतो आणि पालथा पडून, पोट फुटून मरतो.

हे दोन उतारे आमच्या एम.ए.च्या वर्गात आले ते फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या तासाला. एका विद्यार्थ्याने मोबाइलवर कुठूनशी आलेली ‘बायबलमधील विसंगतीं’ची यादीच वाचून दाखवली. वर्ग हसला. मागच्या बाकावर खालापूरकडची एक विद्यार्थिनी होती. तिच्या घरी रोज संध्याकाळी हे पुस्तक वाचले जाते. ती काही बोलली नाही. तास घेणाऱ्या आमच्यापैकी एकाने वेळ सावरण्यासाठी जुनेच उत्तर पुढे केले: आधी गळफास, मग दोर तुटला, मग देह खाली पडला. वर्ग आणखी हसला.

संध्याकाळच्या खोपोली लोकलमध्ये पळसदरी येईपर्यंत आम्हा दोघांचे एकमत झाले होते की ते उत्तर वाईट होते. तो दोर कोणत्याच उताऱ्यात तुटत नाही. दोन लेखकांची एकवाक्यता साधण्यासाठी आपण तिसरीच कथा रचतो, आणि ती त्या दोघांपैकी कोणीही सांगितलेली नसते.

मराठीला हा वाद नवा नाही. 1831 मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि जॉन विल्सन समोरासमोर आले. 1857 मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी (आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे) मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याची घडण समजून घ्यायला हे वादवाङ्मय अवश्य वाचावे. वाचनपद्धती म्हणून मात्र त्याचा वारसा आम्हाला नको आहे. परक्या ग्रंथातली विसंगती म्हणजे लबाडीचा पुरावा, आपल्या ग्रंथातली म्हणजे गूढार्थ: ही सवय दोन्ही पक्षांना होती, आणि मोबाइलवरच्या त्या यादीत ती जशीच्या तशी उतरली आहे.

बायबलच्या संकलकांना या विसंगती दिसल्या नसतील, हे मानणे आम्हाला कठीण जाते. नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नये असे एक वचन आहे आणि त्याला लागूनच तसे उत्तर द्यावे असे दुसरे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवणाऱ्याची नजर चुकली, असे कोण म्हणेल? दुसऱ्या शतकात तातियानाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकसलग कथा केली. सीरियातील चर्चमध्ये ती दीर्घकाळ वाचली जाई. पाचव्या शतकात मात्र तिच्या जागी पुन्हा चार वेगळी शुभवर्तमाने आली. सोय एका कथेची होती, मान चार साक्षींना मिळाला.

आमच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. त्यांच्याच अभ्यासक्रमात ‘लीळाचरित्र’ आहे. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, आणि महानुभाव परंपरेने एकाच लीळेच्या वेगळ्या आठवणी पुसून न टाकता ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवल्या. एका शिष्याला असे आठवते, दुसऱ्याला तसे. हा शब्द मराठीजवळ सातशे वर्षे आहे. तरी आम्हाला वर्गात तो आयत्या वेळी आठवला नाही, याची आजही थोडी लाज वाटते.

सगळ्याच विसंगती मात्र ‘वासना’ म्हणून सोडून देता येत नाहीत. काही ठिकाणी नकलनवीसाचा हात चुकला असेल. काही ठिकाणी विचारच बदललेला दिसतो: दाविदाला शिरगणतीची प्रेरणा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात देवाकडून होते, तर त्यानंतरच्या काळात रचलेल्या इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात सैतानाकडून. मधल्या काळात देवाकडे असे कृत्य सोपवणे लेखकाला जड झाले असावे. हा फरक मिटवला तर त्या समाजाच्या मनात झालेली उलथापालथच दिसेनाशी होते. ग्रंथ अक्षरशः अचूक मानणाऱ्या श्रद्धावंताला आमचे हे म्हणणे पटणार नाही, याची जाणीव आहे. त्याच्याशी आमचा मतभेद खरा आहे आणि तो गोड बोलून झाकण्यात अर्थ नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोन्ही उतारे छापून वर्गात वाटले आणि एवढेच विचारले, की हे दोन लेखक यहूदाकडे कसे पाहतात? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आले: मत्तयाच्या यहूदाला पस्तावा होतो, तो पैसे परत करायला जातो, दुसऱ्या उताऱ्यात पस्ताव्याचा एक शब्दही नाही. यादी आणणाऱ्या विद्यार्थ्याने कागद पुन्हा वाचला आणि विचारले, “मग मत्तयाला त्याची दया येत होती का?” त्यावर तास संपून गेला, आणि आमची लोकलही चुकली.