आधी स्थलांतर विचारा, मग आहार लिहा

जाफ्राबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीसारख्या गावातला मुलगा शिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरला जातो, नोकरीसाठी पुण्याला आणि जमले तर पुढे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला. चाळिशीच्या आतच त्याचे एचबीएवनसी साडेसहाच्या पुढे जाते. सुटीवर आला की रिपोर्टची फाईल घेऊन तो आपल्यापैकीच कुणाच्या तरी दवाखान्यात बसतो आणि विचारतो, "डॉक्टर, मी शाकाहारी, दारू नाही, सिगारेट नाही. मग मलाच कशी शुगर?"

या प्रश्नाचे निम्मे उत्तर पुण्यातच शोधले गेले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत चाललेल्या याज्ञिक यांच्या अभ्यासाने याचे मूळ गर्भापर्यंत नेले. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरतात, त्यांचे स्नायूही कमी असतात, पण चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे विमानात बसण्यापूर्वीच आपल्या माणसाचे शरीर साखरेच्या बाबतीत नाजूक असते. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 पासून आशियाई वंशाच्या लोकांच्या मधुमेह तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा 25 वरून 23 वर आणली.

उरलेले निम्मे उत्तर ताटात आणि अंगमेहनतीत आहे. मराठवाड्यातले जुने ताट म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची किंवा घोळाची भाजी, कांदा, ठेचा. ज्वारीचे पीठ ताजे लागते. परदेशातल्या दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पिठाची विरी गेलेली असते; भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुकडे होतात. दोनतीनदा असे झाले की घर भाकरीचा नाद सोडते. मग फ्रोझन पराठे, मैद्याचे टॉर्टिया आणि बासमतीची मोठी पिशवी येते. सणवार मात्र सुटत नाहीत. उलट गाव दूर गेले म्हणून शनिवार-रविवारच्या भेटीगाठींत समोसे, श्रीखंड आणि गुलाबजाम अधिकच प्रेमाने वाढले जातात.

शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांवर 2010 मध्ये सुरू झालेल्या 'मसाला' अभ्यासात हेच दिसले. तळलेले पदार्थ, मिठाई आणि साईचे दुग्धपदार्थ यांचा भर असलेल्या आहाराचा संबंध इन्सुलिन रोधाशी आढळला. नुसते शाकाहारी असणे ही ढाल नव्हे, हे रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे.

पण 'पुन्हा भाकरी खा' एवढेच सांगणेही अपुरे आहे. भाकरीतही पिष्ट आहेच. निंदणी, सोंगणी करणाऱ्या आजोबांना तीन भाकरी पचत होत्या. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या नातवाला एक पुरते. त्याच्या ताटात वाढवायची ती डाळ, मटकी, हरभरा, ताक, पालेभाजी आणि चालत असेल तर अंडे. स्नायूंना काम देणारा व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो चिठ्ठीवर लिहूनच द्यावा.

ओट्स, किन्वा आणि अव्होकाडोचा छापील तक्ता हातात देऊन आपले काम संपत नाही. तसा तक्ता आठवडाभर पाळला जातो आणि मग कपाटात जातो. रुग्णाला विचारा: लहानपणी काय खायचात, गाव सोडल्यावर काय सुटले, काय नव्याने आले, स्वयंपाक कोण करते, दिवसात किती चालता? मुलांकडे सहा महिन्यांसाठी निघालेल्या आईवडिलांनाही हेच विचारा. गावात देवळापर्यंत आणि शेतापर्यंत होणारे त्यांचे चालणे तिथे थंडीत बंद पडते, साखर वाढते आणि औषधाचा डोस मात्र तोच राहतो. निघण्यापूर्वी त्यांची तपासणी करा आणि घरातल्या घरात करता येईल असा व्यायाम शिकवा.

आमच्या सर्व वाचक डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना कळकळीचे आवाहन आहे: केसपेपरवर वजनाच्या शेजारी आजपासून दोन ओळी वाढवा. एक, कंबरेचा घेर. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटीमीटरच्या पुढे गेला की थांबून विचार करा. दुसरी, रुग्ण आजवर कुठे कुठे राहिला आणि तिथे काय जेवला. या दोन ओळी भरल्याशिवाय आहाराचा सल्ला लिहू नका.