ओढ्याकाठची वाट आपलीही आहे



आपल्या मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात ओढा म्हणजे बिल्डरला अडचण आणि वस्तीला गटार. जून २०२५ मध्ये आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेल्या ओढ्यांची आठवण सगळ्यांनाच झाली. ओढे मोकळे करा, काठ सुधारा, ही मागणी योग्यच आहे. पण त्या मागणीत वस्तीचाही शब्द असला पाहिजे.

मुंबईत जुहू-विलेपार्ले भागात इर्ला नाला आहे. तिथल्या रहिवाशांनी वास्तुविशारद पी. के. दास यांच्या साथीने पाठपुरावा करून नाल्याच्या काठाने चालण्याची वाट करून घेतली, झाडे लावून घेतली. मी ती वाट चालून आले. मनात आले, ही तर फुकटची औषधाची बाटली आहे!

बीपी आणि शुगर आता वस्तीत घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. डॉक्टरही सांगतात, "चालत जा." पण आपल्या बायांनी चालायचे कुठे? रस्त्यावर डंपर आणि टँकर, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. म्हणून ओढ्याकाठची वाट ही चैन नाही, गरज आहे.

मात्र वाट झाली म्हणजे ओढा सुधारला असे नाही. फरशी बसवली, दिवे लावले आणि पाण्यात मैला तसाच सोडला, तर आजार जागचे हलत नाहीत. साचलेल्या घाण पाण्यात हत्तीरोग पसरवणारा डास वाढतो. पुराच्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टो शरीरात शिरतो. म्हणून आधी मैलापाण्याची वाहिनी, मग फरशी. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट घराची. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. त्या पावसाने शहर-परिसरात वीसहून अधिक जीव घेतले. पुढे २४ जून २०२१ रोजी, कोरोना आणि पावसाळा दोन्ही असताना, दांडेकर पुलाजवळ ओढ्याकाठच्या घरांवर बुलडोझर चालला. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली, पण तोवर अनेकांचे छप्पर गेले होते. पुराचा धोका खरा आहे. पुराच्या पट्ट्यात लेकरे झोपवा, असे कोणीच म्हणणार नाही. पण आधी जवळच पक्के घर, मग हलवणे. वस्ती उठवून केलेल्या वाटेवर दुसऱ्यांची शुगर उतरेल, आपली चढेल.

१९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. ते कागदावर. चवदार तळ्याचे पाणी मात्र १९२७ साली बाबासाहेबांसोबत चालत गेल्यावरच ओंजळीत आले. सार्वजनिक जागा वापरल्यानेच आपली होते. उद्या आपल्या ओढ्याकाठी वाट झाली आणि तिला फाटक लागले, गेटवर "कुठे चाललात?" असे विचारले गेले, तर ती सार्वजनिक कसली?

म्हणून येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने आशाताईंना सोबत घ्यावे आणि आपल्या भागातला ओढा पायी पाहावा. मैला कुठे मिसळतो, पाणी कुठे तुंबते, भराव कुठे पडलाय, हे वहीत लिहावे, फोटो काढावेत. मग सह्यांचा अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. अर्जात तीनच मागण्या असाव्यात: आधी मैलावाहिनी, घराशिवाय कोणाला हलवणे नाही, आणि वाटेला फाटक नाही.

नकाशा तयार होण्याआधी हा अर्ज टेबलावर पोचला पाहिजे.