सुनेबरोबर मुलालाही न्या

वर्गात कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की मुले ओरडतात, “टीचर, ही तर विटांची भिंत!” अशाच, पण कितीतरी प्रगत सूक्ष्मदर्शकाखाली आज अपत्यहीनतेवर उपचार होतात.

स्त्रीबीज साधारण ०.१ मिलिमीटरचे. काचेची एक बारीक नळी त्याला हलक्या ओढीने धरून ठेवते. समोरून केसापेक्षाही बारीक, पोकळ सुई आत शिरते आणि एकच शुक्राणू सोडून बाहेर येते. सुई हातात धरलेली नसते. हाताची हालचाल यंत्र अगदी सूक्ष्म करून तिच्यापर्यंत पोहोचवते. या पद्धतीला ‘इक्सी’ म्हणतात. ब्रसेल्समधील डॉ. पालेर्मो व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तिच्यामुळे राहिलेल्या गर्भांची माहिती प्रसिद्ध केली.

शुक्राणू फार कमी किंवा मंद असतील, तेव्हा ही पद्धत विशेष उपयोगी पडते. म्हणजे उणीव पुरुषातही असते.

आमच्या ओळखीतल्या एक भाभी निकाहानंतर सहा वर्षे दवाखाने फिरल्या, नातेवाइकांचे टोमणे ऐकत राहिल्या. भाईजानांची तपासणी कोणी सुचवलीच नाही. अखेर झाली, तेव्हा उणीव तिथेच निघाली.

इक्सी खर्चिक आहे, यशाची हमी नाही आणि स्त्रीचे वय वाढते तशी आशा कमी होते. वीर्यतपासणी मात्र साधी आहे. म्हणून सासूबाईंना आमची विनंती : वर्षभर वाट पाहूनही पाळणा हलला नाही, तर सुनेला दवाखान्यात जरूर न्या, पण त्याच दिवशी मुलालाही सोबत घ्या.