माइक बंद ठेवून खेळणारी मुलगी

गणपतीची आरती झाली आणि प्रसादाच्या रांगेत एका मित्राने मला गाठलं. "तू सायंटिस्ट आहेस ना? मग आमच्या कार्टीला सांग, या गोळीबाराच्या गेम्सनी डोकं बिघडतं म्हणून." कार्टी, वय वर्षं तेरा, हातात मोदक घेऊन शेजारीच उभी होती. मी तिला विचारलं, काय खेळतेस, कुणाबरोबर खेळतेस. शाळेतल्या दोन मैत्रिणी, आणि त्या नसतील तर अनोळखी कुणीही. मग एकमेकांशी बोलता कसे? "मी माइक ऑफच ठेवते, मावशी. ऑन केला की कळतं ना, मी मुलगी आहे ते."

बाबा तोवर पुढे सरकून शिरा वाढून घेत होते.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण इथे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक आईबापांचा तो प्रश्न आहे. हिंसक गेम खेळून मुलं हिंसक होतात का? या विषयावर काही दशकं संशोधन चाललं आहे आणि त्यातला बराच भाग ज्या मोजपट्टीवर उभा आहे, ती पाहिली तर तुम्हीही चक्रावाल. माणसाला प्रयोगशाळेत खरोखर मारामारी करायला लावता येत नाही. म्हणून त्याला सांगतात की पलीकडच्या खोलीत तुझा प्रतिस्पर्धी आहे, बटण दाबण्याच्या शर्यतीत तो हरला की त्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा; किती मोठा आणि किती वेळ, ते तू ठरव. बहुतेक वेळा पलीकडे कुणीही नसतं. या आवाजावरून आक्रमकता मोजायची. पण मोजायचं नेमकं काय? पहिल्या फेरीतला आवाज, सगळ्या फेऱ्यांची सरासरी, का आवाज गुणिले वेळ? माल्टे एल्सन या जर्मन मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध झालेले शोधनिबंध चाळून यादी केली, तर याच एका चाचणीचे गुण काढण्याच्या दीडशेहून अधिक तऱ्हा सापडल्या! इतक्या तऱ्हा हाताशी असल्या की हवं ते उत्तर एखादीतून निघतंच, आणि ते काढणाऱ्याला आपण लबाडी करतोय असं वाटतही नाही. मी स्वतः प्रयोगशाळेत काम करते. हा मोह मला नीट ठाऊक आहे.

त्यावरचा उपाय म्हणजे विश्लेषण कसं करणार हे आकडे हाती येण्याआधीच लिहून जाहीर करायचं. ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी 2019 मध्ये हेच केलं. ब्रिटनमधली 14-15 वर्षांची 1,004 मुलं घेतली. कोणता गेम किती हिंसक, हे मुलांना न विचारता अधिकृत मानांकनावरून ठरवलं. मुलाच्या आक्रमक वागण्याबद्दल पालकांना विचारलं. संबंध आढळला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर 2011 मध्येच, अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला होता. पुरावा कच्चा आहे हे त्यामागचं एक कारण. तेव्हा मित्रा, या बाबतीत निर्धास्त राहा. झोप आणि गृहपाठ यांचं भांडण वेगळं, ते तुझं तू बघ.

पण मुलीने जे सांगितलं, त्याकडे आपलं लक्षच नाही. पडद्यावरच्या बंदुकीवर आपण इतकी वर्षं वाद घातला, हेडफोनमधून काय ऐकू येतं ते कुणी विचारलं नाही.

ओहायोतल्या दोन संशोधकांनी ते विचारलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 'हेलो 3' या गेममध्ये अनोळखी लोकांबरोबर खेळताना आधीच रेकॉर्ड केलेली साधी, निरुपद्रवी वाक्यं वाजवली. कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, कधी काहीच नाही. वाक्यं तीच. बाईच्या आवाजाला पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट नकारात्मक शेरे मिळाले. पुढे 2015 मध्ये याच खेळांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा दिसलं की शिव्यांचा जोर खराब खेळणाऱ्यांकडून जास्त होता. चांगले खेळाडू बाईच्या आवाजाशी बरे वागत होते.

हा निष्कर्ष मला फार आवडतो आणि म्हणूनच मी त्याच्याशी जपून वागते. एकच गेम, दीडशेच्या आसपास सामने, आणि उत्तर माझ्या मनासारखं. मघाशी आवाजाच्या चाचणीला लावलेली फूटपट्टी इथेही लावायला हवी. मोठ्या प्रमाणावर, आधी आराखडा जाहीर करून हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा. त्यासाठी लागणारे आकडे मात्र विद्यापीठांकडे नाहीत, कंपन्यांकडे आहेत.

कंपन्यांना काय जमतं, याचं एक उदाहरण सांगते. 'लीग ऑफ लेजंड्स' बनवणाऱ्या रायट गेम्सने एकदा प्रतिस्पर्धी संघाशी बोलण्याची सोय मुळात बंद ठेवली. हवी असेल त्याने सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायची. बंदी नाही, फक्त एक टिचकी जास्त. कंपनीनेच 2013 मध्ये जाहीर केलेल्या आकड्यांनुसार वाईट बोलणं सुमारे एक तृतीयांशाने घटलं, चांगलं बोलणं तितकंच वाढलं, आणि बोलणाऱ्यांची संख्या फारशी बदलली नाही. म्हणजे "गेमर असेच असतात" हे खरं नाही. पण हे आकडे कंपनीचे, कंपनीने मोजलेले. बाहेरच्या संशोधकांना ते स्वतंत्रपणे तपासता यायला हवेत, आणि लहान मुलांना गेम विकणाऱ्यांवर तरी हे बंधनकारक असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याला बायकांचं रडगाणं म्हणणाऱ्यांना 2014 आठवत असेल. 'गेमरगेट'च्या गदारोळात, गेममधल्या स्त्री-चित्रणावर व्हिडिओ करणाऱ्या अनिता सार्कीजियन यांचं युटामधल्या विद्यापीठातलं भाषण सामूहिक गोळीबाराच्या धमकीनंतर रद्द झालं. राज्याच्या कायद्यामुळे परवाना असलेल्यांना सभागृहात बंदूक आणायला मनाई करता येणार नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःच माघार घेतली. गेममुळे हिंसा होते का, यावर इतकी वर्षं भांडणाऱ्या आपल्याला खऱ्या बंदुकीची धमकी गेमबद्दल बोलल्यामुळे मिळते हे पाहावं लागलं.

त्या मुलीला "घाबरू नकोस, माइक लाव" असं मी म्हणाले नाही. पीएचडीच्या काळात रात्री प्रयोग संपायची वाट बघताना मीही खेळायचे. एकदा बोलले, पुढची दहा मिनिटं जे ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यानंतर मीही माइक लावला नाही. वर नावही बदललं, पुरुषाचं वाटेल असं घेतलं. पस्तिशीला आले तरी तेच नाव आहे.

तिला माझा आयडी दिला. गेल्या शनिवारी आम्ही दोघी खेळलो, आमच्या दोघींच्या खाजगी चॅटवर, मोडक्यातोडक्या मराठीत आरडाओरडा करत. "मावशी, मागे बघ, मागे!" संघात आणखी दोघे होते. त्यांच्या लेखी आम्ही मुक्याच होतो.